‘ताप’ नावाचा देव टेबलावर आणण्यापूर्वी

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र रंगवायच्या भूमिका-खेळात एखाद्या संकल्पनेवर दैवी सत्ता असलेले पात्र येणार असेल, तर सत्राच्या निदान आठ दिवस आधी त्या खेळाडूबरोबर बसून ती संकल्पना कागदावर उतरवावी, आणि ती शब्दाने न बांधता अर्थाने बांधावी. भुसावळच्या आमच्या गटात मी हे काम एकदा तोंडीच आटोपले होते. खेळाडूने ‘ताप’ मागितला. पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असल्याने सर्वांना कल्पना आवडली आणि मीही होकार दिला. पहिल्याच संध्याकाळी त्याने कुलूप वितळवले, पहारेकऱ्याला ज्वर आणला, सावकाराचे डोके तापवले, आणि अखेरीस तापीचे नावच तापावरून पडले आहे असे सांगून नदीला पूर आणण्याचा हक्क मागितला. व्याकरणात तो कुठेच चुकत नव्हता, हीच अडचण होती.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी, डावीकडे या सत्तेत येणारी पाच कामे आणि उजवीकडे न येणारी पाच कामे लिहावीत. आमच्या पानावर आता डावीकडे धातू, हवा, पाणी आणि अंगातला ज्वर आहे. राग आणि ‘डोक्याला ताप’ या अर्थाचा त्रास उजवीकडे गेला. एक बाब मात्र रेघेवरच अडली होती. उष्णतेने केळीचा घड पिकवता येईल का, असा प्रश्न निघाला तेव्हा रावेरकडच्या केळीबागायतदाराचा मुलगा असलेल्या खेळाडूने सांगितले की घड पिकतो तो इथिलीन वायूमुळे. फार उष्णतेत उलट गर मऊ पडतो आणि साल हिरवीच राहते. ते काम उजवीकडे लिहिले गेले. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे त्याचे म्हणणे अशा वेळी गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ऐकावे, असे माझे मत आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पुरोहिताचे पात्र दैवी सत्तेची दोन क्षेत्रे निवडते आणि प्रत्येक क्षेत्राचे मंत्र छापलेलेच असतात, त्यामुळे तिथे हा खटाटोप लागत नाही. मोकळ्या संकल्पनेला छापील यादी नसते. ती आपणच करायची असते.

त्यानंतर किंमत ठरवावी. चहा गरम ठेवण्यासारखी किरकोळ खूण फुकट असावी, प्रसंगाचा रंग पालटणाऱ्या कामाला दैवी बळाचा एक गुण प्रसंग संपेपर्यंत अडकून पडावा, आणि चमत्काराला तोच गुण खेळातल्या दुसऱ्या सूर्योदयापर्यंत परत मिळू नये. सुरुवातीला दोनच गुण द्यावेत. तीन दिले की खेळाडू विचार न करता चमत्कार करू लागतो.

ज्याच्यावर सत्ता चालवली जाते त्याच्या प्रतिकाराचा आकडाही आधीच तपासावा. वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा अधिक पडल्यास सुटका असा नियम ठेवला, तर एका पहारेकऱ्याची सुटण्याची शक्यता 30 टक्के असते. पण तिघांनी वेगवेगळे फासे टाकले तर त्यांपैकी निदान एक सुटण्याची शक्यता 66 टक्क्यांच्या आसपास जाते आणि देव अकारण दुबळा वाटू लागतो. जमावासाठी एकच फासा टाकावा. समोर ‘सावली’ची देवता उभी असेल तर जिच्या हद्दीत प्रसंग घडतो तिला एक फासा जास्त मिळावा, आणि ती हद्द कोणाची हे नकाशावर आधीच खुणेने दाखवलेले असावे.

कानबाई, मनुदेवी, मुक्ताई या आमच्या खानदेशात पुजल्या जाणाऱ्यांची नावे पात्रांना देऊ नयेत. श्रावणात ज्या घरी कानबाई बसते, रोट होतात आणि दुसऱ्या दिवशी भरल्या डोळ्यांनी तिचे विसर्जन होते, त्या घरातली माणसेही आपल्या टेबलावर असतात.

उरलेली तयारी थोडी आहे. उन्हाळ्यात सत्र संध्याकाळी सातनंतर ठेवावे, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून रेघ मारलेल्या पानाला चिमटा लावावा, आणि त्याची एक प्रत खेळाडूच्या हातात, सही करून, पहिला फासा पडण्यापूर्वी द्यावी.