पिल्लू सगळं चावत सुटलंय? दात येताहेत त्याचे

कुत्र्याचं पिल्लू चारेक महिन्यांचं झालं आणि एकदम चप्पल, टीपॉयचा पाय, तुमची पोटरी असं दिसेल ते चावायला लागलं तर ते बिघडलेलं नाहीये. आमच्या शेरूने एका आठवड्यात तीन चपला संपवल्या तेव्हा शेजारच्या काकांनी गेटमधूनच विचारलं, "हाई कुत्रं येडं व्हयी गयं काय रे भो?" येडं नाही काका, त्याच्या हिरड्या ठणकताहेत.

होतं असं की पिल्लू जन्मतं तेव्हा तोंडाचं बोळकंच असतं, तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत 28 होतात, सुईसारखे. मग साडेतीन-चार महिन्यांपासून पुढचे बारीक दात पडून नवे यायला लागतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे, आणि शेवटी मागच्या दाढा येतात ज्या दुधाच्या दातांत नसतातच, असे मिळून 42. सातव्या महिन्यापर्यंत सगळं उरकतं. नवा दात खालून रेटतो, जुन्याचं मूळ विरघळत जातं, हिरडी सुजते, आणि काहीतरी चावलं की त्या दाबाने त्याला बरं वाटतं. लाळ गळते, खेळण्यावर रक्ताचा एखादा डाग दिसतो, घाबरू नका. पडलेले दात बहुतेक वेळा ते गिळूनच टाकतं, त्यानेही काही होत नाही. आम्हाला शेरूचा एकच सापडला, झाडताना, तो आईने लहान पोरांचा टाकतात तसा गच्चीवर भिरकावला.

उपाय म्हणजे गारवा. जुन्या सुती टॉवेलचा पट्टा ओला करून पीळ द्यायचा, गाठ मारायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा. असे दोन करा, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एक पाच मिनिटांत पोतेरं होतो, तोवर दुसरा तयार पाहिजे. धागे सुटायला लागले की पट्टा फेकून द्या, लांब धागा पोटात गेला तर आतडी ओढली जातात आणि मग थेट ऑपरेशन. फ्रिजमधलं जाड गाजर पण चालतं, पण समोर बसून द्या, तुकडा मोडून घशात अडकू शकतो. आमच्याकडे सगळ्यात चाललं ते केळं, जळगावात राहून केळ्याला काय तोटा! पोकळ रबरी खेळण्यात अर्धं केळं कुस्करून भरायचं आणि गोठवायचं, अर्धा तास शांतता. रोज नको मात्र, गोड असतं. खेळणं घेताना नखाने दाबून बघा, नख जरासुद्धा रुतत नसेल तर ते दातासाठी फार कडक. हाडांचंही तेच, आणि शिजवलेलं हाड तर अजिबात नको, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात.

आता खान्देशी घरातले धोके, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. कूलर. वायर जमिनीवर, टाकीत पाणी, आणि जाळीतून लोंबणारं गवत पिल्लाला बोलावतच असतं. शेरूने ते गवत ओढायला सुरुवात केली त्याच दिवशी मी वायर पाइपात घातली आणि कूलर स्टुलावर चढवला. दुसरं, भरिताची पार्टी. वांगी भाजायला आणलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या तो पळवतो, त्या चिरफळतात आणि हिरडीत घुसतात. आणि उरलेलं भरीत प्रेमाने त्याच्यापुढे ठेवू नका भो, त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, दोन्ही कुत्र्याला विषारी.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, बाळाच्या हिरड्यांचं जेल, लवंगेचं तेल, यातलं काहीही मनाने लावायचं किंवा द्यायचं नाही. फारच कळवळत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

हाताला चावलं तर मारू नका, मारलं की एक तर ते घाबरतं नाहीतर खेळ समजून अजून जोरात येतं. खेळ तिथेच थांबवा, हात सैल सोडा, तोंड फिरवून बसा, शांत झालं की तो गार टॉवेलचा पट्टा चावायला द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, आमच्याकडे भाऊ हात घालून मस्ती करायचा आणि चावा मला बसायचा. फडकं ओढायचा खेळ या दिवसांत हळूच. आणि दात लागून रक्त आलं तर पिल्लू घरचं आहे म्हणून सोडून देऊ नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतरच मिळते, तेव्हा ती झालेली असेलच असं नाही.

एक-दोन वेळा कमी खाल्लं तर ठीक, जेवण पाण्यात भिजवून मऊ करा. पण उलट्या, जुलाब, मलूल पडणं हे दातांमुळे होत नाही, पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

सहा महिने झाले की ओठ वर करून बघा. नव्या सुळ्याला चिकटून जुना बारीक सुळा तसाच उभा असेल तर तो आपोआप पडेल म्हणून वाट बघत बसू नका, दोघांच्या मध्ये अन्न अडकतं आणि नवा वाकडा येतो. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत हे जास्त होतं. डॉक्टर भूल देऊन तो काढतात, नसबंदी करायचीच असेल तर एकाच भुलीत दोन्ही कामं होतात का ते आधीच विचारून ठेवा.