मंडळीचे वडील झालात? आधी चावी सोडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत मी 19 वर्षांपासून वडील आहे, म्हणजे मंडळीनं कारभार पाहायला निवडलेला माणूस. घरं 23. पास्टर महिन्यातून दोनदा येतात, कारण त्यांच्याकडे आणखी तीन गावं आहेत. बाकीचे रविवार आपल्यावर. म्हणून नवीन वडील निवडले गेले की मी त्यांना आधी चर्चच्या चावीची गोष्ट सांगतो.

पहिली काही वर्षं ती माझ्या करगोट्याला असायची. झाडायचो मी, सतरंजी मी अंथरायचो, घंटा मीच वाजवायचो. लोक म्हणत, भाऊची सेवा पहा. मलाही गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू! मग टायफॉइडनं तीन आठवडे खाटेवर पडलो, आणि दोन रविवार चर्च उघडलंच नाही. कोणी चावी मागायलाही आलं नाही. सेवा म्हणता म्हणता चर्चचा सातबारा माझ्या नावावर झाला होता.

आता चाव्या तीन आहेत आणि माझ्याकडे एकही नाही. झाडायची पाळी घरोघरी फिरते, त्यात माझंही घर येतं. तुम्हीही पहिल्याच महिन्यात एवढं करून टाका. दानाचे पैसे दोघांनी मोजावेत, दोघं एका घरचे नसावेत, आकडा लगेच फळ्यावर लिहावा. वडिलानं त्या पैशाला हात लावू नये, बस.

उपासनेची वेळ ठरवताना मात्र घाई करू नका. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते आणि मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे रविवारीही बाया शेतात जातात. सकाळी दहाच्या उपासनेला सहा-सात डोकी उरायची. मी वचन सांगताना दोनदा टोमणा मारला, प्रभूपेक्षा कापूस मोठा झाला का म्हणून. उपासना सुटल्यावर एक म्हातारी बाई दारात म्हणाली, "भाऊ, तुमचाच कापूस तर वेचून राह्यलो आम्ही!" पुढच्या रविवारपासून उपासना संध्याकाळी सात वाजता. वेळ ठरवायची तर जो सगळ्यात थकून येतो त्याला विचारा. उपदेश कमी वेळाचा करा, हेही त्यात आलंच.

तक्रार आली की बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडा. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, खुलासे दिले नाहीत, सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प वगैरे ती सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची ओरड होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढणं गेलं. आमच्याकडे नाताळच्या जेवणात गावाच्या टोकावरच्या घरांपर्यंत येईस्तोवर भाजीत नुसता रस्सा उरायचा. मी तीन वर्षं 'पुढच्या वेळी बघू' म्हणत राहिलो. मग त्याच घरांतल्या दोन बहिणींच्या हाती पळी दिली. त्या वर्षी रस्सा माझ्या ताटात आला.

राहिला पुण्यगुरुवार, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करायचा दिवस. योहान 13 वाचून पाय धुणारे वडील पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. गंमत अशी की त्या दिवशी सगळे घरूनच साबणानं पाय घासून येतात! आणि धुणं सोपं असतं हो, सगळे आपल्याकडेच पाहत असतात. जड जातं ते दुसऱ्याकडून धुवून घेणं. येशूचा शिष्य पेत्रही तिथंच अडला होता. म्हणून आमच्यात आता चिठ्ठी काढतात, कोण कोणाचे पाय धुणार याची. मागच्या वर्षी माझे पाय एका पोराकडे आले. दोनच महिन्यांपूर्वी मी त्याला चारचौघांत झापलं होतं. मी हरभरा काढून सरळ वावरातून आलो होतो, टाचेच्या भेगांत काळी माती बसलेली. त्यानं दोनदा पाणी बदललं. मी मान खाली घालून बसून राहिलो.