इजिप्तच्या थडग्यातील रंगीत दगडी तुकडा कसा पाहावा

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात सेती पहिला या राजाच्या थडग्यातील चुनखडीचा एक रंगवलेला तुकडा आहे. इटालियन शोधक बेल्झोनीने १८१७ मध्ये शोधलेल्या या थडग्यातून, इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच विद्वान शाम्पोलियाँ याच्या मोहिमेने तो कापून नेला आणि त्याच्या जोडीचा तुकडा फ्लॉरेन्सला गेला. असे तुकडे पाहताना मूळ भिंत अखंड होती, हे मनातून जाऊ देऊ नये.

प्रथम थोडे बाजूला उभे राहून तिरप्या प्रकाशात पृष्ठभाग पाहावा, म्हणजे आकृती दगडातच उठावात कोरली आहे की सपाट गिलाव्यावर नुसती रंगवली आहे, हे कळते. मग चित्रलिपीतील पक्ष्यांची व माणसांची तोंडे पाहावीत. ती ज्या दिशेला वळलेली असतात, तिथूनच वाचन सुरू होते. सेतीच्या तुकड्यावर हाथोर देवी एका हाताने राजाचा हात धरते आणि दुसऱ्या हाताने आपला मेनात नावाचा मण्यांचा हार त्याच्यापुढे करते. हे दृश्य पाहताना घाई करू नये.

रंगांपैकी तांबडा व पिवळा बहुधा गेरू-पिवडीचा, काळा काजळीचा असतो. निळा मात्र वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून मुद्दाम घडवलेला असतो, आणि दृश्य प्रकाश टाकल्यावर तो अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण उत्सर्जित करतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे त्याचे कणही योग्य कॅमेऱ्यात उजळतात. हे रंग बहुधा डिंकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थात कालवलेले असल्याने ओले फडके, किंबहुना बोटही, त्यांना कधीच लावू नये.