हौशी संगीत नाटकातली गाणी: तालमीआधीच लिहून ठेवायचा करार

मानधन नसले तरी हक्क असतातच. गीत कागदावर उतरले, चाल रेकॉर्ड झाली किंवा स्वरलिपीत लिहिली गेली, की बहुतेक देशांत कॉपीराइट आपोआप मिळतो.

पहिल्या तालमीआधी एक तक्ता करा. प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, कुणाचा वाटा किती टक्के, तारीख आणि सह्या. बेरीज १०० भरायलाच हवी. खरे वाद मात्र तालमीत झालेल्या बदलांवरून होतात. कुणी अंतऱ्याच्या दोन ओळी बदलतो, वादक मधली सुरावट बांधतो, आणि नाटक चालले की दोघेही वाटा मागतात. नुसती ‘इथे लय वाढवा’ ही सूचना म्हणजे सहलेखन नव्हे. पण गाण्यात टिकलेल्या ओळी देणारा सहलेखक ठरू शकतो. त्यामुळे तक्ता त्याच आठवड्यात सुधारा, मागाहून कुणालाच नीट आठवत नाही.

संस्थेच्या नावे हक्क करू नका, परवानगी द्या: हीच निर्मिती, ठरलेले प्रयोग, ठरलेली मुदत. चित्रीकरण, इंटरनेटवर प्रसारण, दुसऱ्या संस्थेचे प्रयोग यांसाठी वेगळी परवानगी. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले तर सरळ खोडा.

पुढे तिकिटे खपली तर काय, तेही लिहा. टक्केवारी एकूण विक्रीवर मागा. नफ्यावर ठरली तर ‘खर्च’ फुगतो आणि हाती काहीच येत नाही. व्यावसायिक संगीतिकांत संहिता, गीते आणि संगीत यांना समान वाटा देण्याची पद्धत रुळलेली आहे, तिथून बोलणी सुरू करता येतात.

पोस्टर, पुस्तिका आणि व्हिडिओच्या वर्णनात नाव कसे छापायचे, आणि कुणी मध्येच सोडून गेला तर त्याची गाणी कोणत्या तारखेपर्यंत काढून घेता येतील, हेही करारात हवे.