शत्रूला आधी राजी करा, मग उचला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत डायमेन्शन डोअरने, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या मंत्राने, सोबत नेता येतो तो फक्त राजी असलेला जीव. मग शत्रूला राजी करायचं सजेशनने, म्हणजे सुचवलेलं करायला लावणाऱ्या मंत्राने: 'छत कोसळतंय, हात धर, बाहेर काढतो.' त्याला तुमची भाषा मात्र कळायला हवी. मंत्र परतवायची फाशाची फेक, म्हणजे विज़डम सेव्ह, तो चुकला की पुढच्या टर्नला ५०० फुटांपर्यंत कुठेही न्या. डायमेन्शन डोअरला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एका वेळी एकाच मंत्रावर धरता येणारं लक्ष, लागत नाही, म्हणून त्यावर चालणारं सजेशन टिकतं. राजी जिवाला धुकं बनवणाऱ्या गॅसियस फॉर्मला ते लागतं. तो मंत्र टाकायला घेतलात की सजेशन गेलंच! मधल्या वेळात दोस्तांना हात आवरायला सांगा, त्यांनी एक बाण मारला तरी सजेशन संपतं. नुसत्या चार्म पर्सनवर, म्हणजे तुम्ही ओळखीचे वाटायला लावणाऱ्या मंत्रावर, विसंबू नका. ओळखीचा माणूस म्हणून कुणी कुठल्याही मंत्राला मान तुकवत नाही. भुललेल्याचा होकार धरायचा का, हे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, खेळाआधीच विचारा.