एन्व्हलप अजून संथ हवाय? बोथ इनपुटला ऋण व्होल्टेज द्या

ड्रोनसाठी, म्हणजे लांब रेंगाळणाऱ्या एकसलग सुरासाठी, एन्व्हलपने (चढत-उतरत जाणाऱ्या नियंत्रक व्होल्टेजने) मिनिटभर चढणारा फिल्टर हवा असतो, आणि मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मॉड्यूलवर राइज-फॉलचे (चढ-उताराच्या वेळेचे) नॉब उजवीकडे टेकवूनही वेळ अपुराच पडतो. नवा मॉड्यूल घ्यायची घाई करू नका. २५ मिनिटांपर्यंतचे आवर्तन मॅथ्समध्ये आहेच, पण तिथवर पोचायला नुसते नॉब पुरत नाहीत, बाहेरून व्होल्टेज द्यावे लागते.

चॅनल ३ च्या इनपुटला काहीच न जोडता त्याच्या आउटपुटमधून केबल काढून चॅनल १ च्या ‘बोथ’ (चढ आणि उतार दोन्हींची वेळ एकदम बदलणाऱ्या) इनपुटला लावा. रिकाम्या चॅनल ३ मध्ये आतून ५ व्होल्ट येतात. नॉब मध्यावरून डावीकडे नेला की ते ऋण होतात आणि एन्व्हलप संथ होत जातो. बोथचा प्रतिसाद एक्स्पोनेन्शियल (घातांकी) असल्याने दर व्होल्टमागे वेळ गुणाकाराने वाढतो, म्हणून नॉब अगदी हळू फिरवा. वक्राचा आकार ठरवणारा रिस्पॉन्स नॉब लॉगकडे (लॉगरिदमिक बाजूला) नेलात तर आणखी वेळ मिळेल.

गोंधळ होतो तो दिशेचा. राइज आणि फॉलच्या स्वतंत्र इनपुटांवर धन व्होल्टेज वेळ वाढवते, तर बोथवर तेच वेळ कमी करते. त्यामुळे फक्त शेपूट, म्हणजे उतार, लांबवायची असेल तर फॉल इनपुटला धन व्होल्टेज द्या. मला हेच जास्त संगीतमय वाटते, कारण सुराची सुरुवात ठसठशीत राहते.

चढ फार लांबवलात तर एक अडचण येते: चढ चालू असताना आलेला ट्रिगर (एन्व्हलप सुरू करणारा संकेत) मॅथ्स मोजतच नाही, उतारावर मात्र घेतो. सिक्वेन्सरचे (सूर क्रमाने वाजवणाऱ्या यंत्राचे) सूर गळायला लागले की आधी इथे बघा.