डॉट मॅट्रिक्सवर छापील पट्टी रेघेत कशी आणावी

सोलापुरात मार्केट यार्डातली अडत असो, चादरींचं दुकान असो की ट्रान्सपोर्टची बिल्टी, तीन प्रती एकाच ठोक्यात हव्यात तिथे डॉट मॅट्रिक्सच, म्हणजे पिनांच्या ठोक्याने छापणारा प्रिंटरच लागतो. पण पहिल्या पट्टीत, म्हणजे आधीच रकाने छापलेल्या बिलात, नाव रकान्यात बसतं आणि दहाव्या पट्टीत रेघेवर चढतं. दोष बहुधा प्रिंटरचा नसतो; पानाची लांबी त्याला कुणी सांगितलेलीच नसते.

नमुन्याला १० × ६ इंची सलग कागद घेऊ. आधी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ईएससी/पी ही आज्ञांची पद्धत निवडा आणि ऑटो एलएफ (आपोआप पुढची ओळ) बंद करा. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ओळीअखेर १३ (ओळीच्या सुरुवातीला परत) आणि १० (पुढची ओळ) हे दोन्ही कोड पाठवतं. ऑटो एलएफ चालू राहिलं तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी जाते.

आता बिलाच्या मजकुराआधी जाणारी छोटी फाइल बनवा. नोटपॅड++ च्या कॅरेक्टर पॅनेलमधून हे कोड थेट टाकता येतात (प्रत्येक आकडा म्हणजे एका चिन्हाचा कोड; आकडे टाइप करायचे नाहीत):

२७ ६४ – जुनी सेटिंग पुसणे
२७ ५० – इंचाला ६ ओळी
२७ ६७ ३६ – पान ३६ ओळींचं
१५ – बारीक अक्षर

हाच क्रम ठेवा. पानाची लांबी त्या क्षणीच्या ओळ-अंतरावरून ठरते, म्हणून अंतर आधी, लांबी नंतर. शिवाय लांबीचा कोड पोचतो तेव्हा कागद जिथे असेल तीच जागा प्रिंटर पानाचा माथा धरतो. कागद दोन ओळी खाली असेल तर पुढची प्रत्येक पट्टी दोन ओळी खालीच येणार. म्हणून पट्टी संपल्यावर कोऱ्या ओळी मोजून कागद सरकवू नका, शेवटी १२, म्हणजे पुढच्या पानावर जाण्याचा कोड, पाठवा. मजकूर मात्र ३५ ओळींच्या आत हवा. छत्तिसावी ओळही संपवली की कागद पुढच्या पानाच्या माथ्यावर जातो आणि १२ मुळे एक पट्टी कोरी बाहेर पडते.

रुंदीचंही भान हवं. ८ इंचात साध्या अक्षरात ८० आणि बारीक अक्षरात १३७ अक्षरं मावतात. मालाचं वर्णन त्यापुढे गेलं की उरलेलं खालच्या ओळीत उतरतं आणि सगळी बेरीज घसरते. ते सॉफ्टवेअरमध्येच कापा.

विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करा, ड्रायव्हर ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ निवडा. नोटपॅडमधून छापू नका, तिथे २७ वाटेतच गळतो. पट्टीच्या माथ्यावर ॲटचं चिन्ह, दोन, सी आणि डॉलर उमटले तर नेमकं हेच झालेलं असतं. कमांड प्रॉम्प्टवरून कॉपी आज्ञेने कोडची आणि बिलाची अशा दोन्ही फाइली अधिक चिन्हाने जोडून शेअरच्या नावावर पाठवा. ‘/बी’ विसरू नका, नाहीतर फाइलमध्ये २६ (फाइल संपल्याची खूण) दिसताच कॉपी तिथेच थांबते.

कागद लावताना प्रिंटर बंद ठेवून छिद्ररेघ माथ्यावर आणा, मग चालू करा. चालू प्रिंटरचं चाक हाताने फिरवलं की प्रिंटरचा हिशेब आणि कागद यांची फारकत होते.

या पद्धतीने मराठी सहसा छापता येत नाही, कारण देवनागरी अक्षरं प्रिंटरच्या संचात नसतात. दुकानाचं मराठी नाव कागदावर आधीच छापून घ्या. यंत्रमागाच्या कारखान्यात हवेतला कापसाचा तंतू सेन्सरवर साचतो आणि कागद असूनही ‘पेपर आउट’ दिसतं. कोरड्या ब्रशने तो वेळोवेळी झाडत जा.